हंबीररावांच्या हौदातलं चाक

मी एक जुनी हातगाडी आहे. हे मोठ्यानं सांगायची तशी गरज नाही, माझ्याकडे बघून ते कुणालाही कळतं. माझ्या फळ्या तेल पिऊन पिऊन काळ्या झाल्या आहेत, एक दांडी दुसरीपेक्षा चार बोटं आखूड आहे आणि माझ्या पोटाखाली एक कोंबडी अंडी घालते. तुम्ही मुलं येता, माझ्या दांडीवर लोंबकळता आणि आईनं हाक मारली की पळून जाता. म्हातारे, तुझं काय चाललंय, असं कुणी विचारत नाही. तेव्हा आज मीच सांगते. बसा, मित्रांनो. दांडीवर नको, खाली बसा.

महाराज गादीवर आले त्याच्या दुसऱ्या वर्षी कोडोलीच्या जोतीराम सुतारानं मला घडवलं. बांधावरची जुनी बाभूळ तोडून तिची चाकं केली आणि आंब्याच्या फळ्यांचं माझं अंग केलं. मी बैलगाडीएवढी मोठी नाही. मला बैल जुंपत नाहीत, माणूस ओढतो. पण बैलगाडीला अंगणात वळायचं तर गाव गोळा करावा लागतो, आणि मी एका परातीत वळते. हे मी उगीच बढाई मारत नाही. जोतीरामच तसं म्हणाला होता.

कोल्हापुरात चन्नम्माच्या तेलाच्या घाण्यावर मी आले आणि तिथलीच झाली. घाणा, बैलाचा गोठा, पाण्याचा हौद, पेंडीची खोली आणि मधलं मोठं आवार, एवढं माझं जग. दारातून शेंगदाण्याची पोती आत आणायची, पेंड खोलीत टाकायची आणि तेलाच्या घागरी पेठेत घरोघर पोचवायच्या. मला ओढायला पिराजी होता. घाण्यावरचा जुना गडी, वय पन्नाशीचं, पाय काटक आणि तोंड कायम चालू. रस्त्यात बोलायला माणूस मिळालं नाही तर तो माझ्याशी बोलायचा.

आणि चन्नम्मा. तिची ओळख नीट करून दिली पाहिजे. लिंगायत तेल्याच्या घरची बाई, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आवाज असा की गंगावेशीतून हाक मारली तर रंकाळ्यावर बायका धुणं थांबवून बघतील. नवरा लवकर गेला. भाऊबंद म्हणाले, घाणा आता बंद करा. तिनं त्यांना दारातच ताक पाजून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैल स्वतः जुंपला. तिच्या तेलात कधी भेसळ निघाली नाही आणि तिच्या तोंडून ‘माझं चुकलं’ असं कधी निघालं नाही. बैल अडला तर बैलाचं चुकलं. भाकरी करपली तर चुलीचं. पाऊस आला नाही तर तेही पावसाचंच. तिच्या आवारात इतकी वर्षं राहून माझी जीभ अशी झाली, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

बारा वर्षं मी एका जोडीवर काढली. मग माझी चाकं थकली. बाभूळ झिजली, वरची धाव भाकरीच्या कडेसारखी पातळ झाली आणि एके दिवशी पापाच्या तिकटीच्या भर चौकात तुटली. धाव म्हणजे काय ते सांगते. लाकडी चाकाच्या घेरावर लोखंडाचं कडं असतं, ती धाव. घेर हा वाकड्या लाकडी तुकड्यांचा जुळवलेला असतो, त्यांना पुठ्ठे म्हणतात. पुठ्ठ्यांना जागच्या जागी आवळून धरायचं काम धावेचं. ती नसेल तर चाक म्हणजे नुसता लाकडांचा ढीग.

चन्नम्मानं जोतीरामाला बोलावून नवी चाकं करून घेतली. तो ती ठेवून गेला आणि जाताना दारात उभं राहून म्हणाला, “आक्का, दोन म्हैनं सावलीत राहू द्यात. लाकूड वाळंल, सांध्यात फटी पडतील. पडू द्यात. मग लव्हाराकडं न्या, धाव आवळली की फटी आपोआप मिटत्यात.”

“मला काय चाक म्हाईत न्हाय व्हय?” चन्नम्मा म्हणाली.

दोन महिने चाकं पेंडीच्या खोलीत उभी होती. फाल्गुन सरला, चैत्राचं ऊन पडलं आणि जोतीराम म्हणाला तसंच झालं. सांधे उघडले. एकात तर पिराजीनं करंगळी घालून दाखवली. नेमकी त्याच दिवशी शेजारची धोंडुबाई तेलाला आली होती. तिनं चाकं बघितली आणि चुकचुकली.

“आक्का, सुतारानं फसवलं की वं तुमास्नी. ही चाकं न्हवं, चाळण हाय.”

धोंडुबाई गेली, पण ते वाक्य आवारातच राहिलं. चन्नम्माला कुणी फसवू शकतं, ही गोष्ट लोहाराच्या दारात, चार लोकांसमोर अशी उघडी करायची? संध्याकाळी तिनं पिराजीला सांगितलं, “दोनी चाकं हौदात सोड.”

आता हे समजून घ्या. उन्हाळ्यात जुन्या चाकाची धाव ढिली झाली की गाडीवान चाक नदीत भिजत घालतात. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट होते. कोल्हापुरात सगळेच करतात, त्यात काही वावगं नाही. पण ते धाव असलेल्या चाकाचं औषध. ज्याची धाव अजून मोजायची आहे, त्या चाकाचं नव्हे.

पिराजीला ते कळत होतं. तो म्हणाला, “आक्का, माप घ्यायच्या आधी पाण्यात? लव्हार काय म्हनंल?”

“लव्हाराला कोन सांगायला चाललंय? तू बैलाचं बघ.”

चार दिवस माझी चाकं हौदात होती. बैल पाणी प्यायला यायचा, त्यांना हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. चौथ्या दिवशी ती बाहेर काढली तेव्हा एकही फट दिसत नव्हती. दिवसभर उन्हात ठेवून वरून कोरडी केली, तेलाचा हात फिरवला, आणि अशी तुकतुकीत दिसायला लागली की काय सांगू. खरं सांगते, मित्रांनो, मलाही ती आवडली. आत पाणी आहे हे मला माहीत होतं. पण गाडीला तोंड नसतं आणि असतं तरी त्या दिवशी मी ते उघडलं नसतं.

लोहार होता बाबालाल. पंचवीस वर्षांचा. त्याचा बाप बादशहा हा पेठेतला नावाजलेला लोहार, पण हातांना कंप सुटल्यापासून त्यानं घण खाली ठेवला होता. त्या आठवड्यात तो लेकीकडे कागलला गेला होता. अख्खी जोडी एकट्यानं बसवायची ही बाबालालची पहिलीच वेळ. त्याची आणखी एक गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. हंबीरराव म्हणून मोठे शेतकरी होते, त्यांच्या दहा बैलगाड्या. पावसाळ्याआधी दहाही गाड्यांच्या धावा बदलायच्या होत्या. ते म्हणाले होते, आधी चन्नम्माची गाडी कशी होते बघू, मग ठरवू. काम मिळालं तर भट्टी चालणार होती. नाही मिळालं तर बाबालाल हुबळीला जाणार होता, रेल्वेच्या कारखान्यात घण मारायला. थरथरत्या हातांचा बाप इथे एकटा राहणार होता.

आम्ही त्याच्या भट्टीवर पोचलो. बाबालालनं चाक उचललं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आक्का, चाक जड लागतंय. वाळलंय न्हवं?”

“दोन म्हैनं सावलीत हुतं. जोतीरामाला इचार.”

“न्हाई, जड लागतंय म्हनून...”

“बाभळ हाय ती. कापूस न्हवं.”

ती खोटं बोलली नाही. दोन महिने सावलीत होतंच. त्यानंतरचे चार दिवस तिनं सांगितले नाहीत, इतकंच.

बाबालालनं सुतळी घेरावर फिरवली, गाठ मारली, सोडली, पुन्हा फिरवली. तीन वेळा माप घेतलं. लोखंडाची पट्टी मापापेक्षा बोटभर आखूड तोडली, वाकवली, टोकं जोडली. शेणींच्या आगीत दोन्ही कडी लाल केली आणि सांडशीनं उचलून चाकावर ठोकली. लाल लोखंड लाकडावर बसलं तसा धूर झाला, आणि धुराबरोबर सांध्यांतून पांढरी वाफ निघाली. अजून पाणी ओतलं नव्हतं. तो थांबला.

“आक्का, लाकूड सुसकारतंय.”

“नवं हाय, लाजतंय. तू पानी वत.”

तिथले सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं पाणी ओतलं. धाव आकसली, करकरली आणि पुठ्ठ्यांना मगरीसारखी चावून बसली. बाबालालनं हातोडी मारून बघितली. खणखणीत आवाज. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बारा वर्षांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. पिराजी मला ओढत घरी निघाला तेव्हा पेठेत लोक थांबून बघत होते. मी मान ताठ ठेवली. मला मान नाही, पण ठेवली.

वैशाख लागला. आवारात ऊन असं की तेलाची घागर हाताला भाजायची. मी दिवसभर त्यात उभी. आतलं पाणी थेंबाथेंबानं उडत होतं आणि चाक रोज सुतासुतानं लहान होत होतं. मला जाणवत होतं. चालताना धावेचा आवाज बदलला. आधी खणखण होती, मग खडखड झाली. पिराजी एकदा म्हणाला, “हिचं काय तरी बिघडलंय.” चन्नम्मा म्हणाली, “तुझ्या कानाचं बिघडलंय.”

पंधराव्या दिवशी हंबीररावांच्या लेकीचं लग्न. आठ घागरी शेंगतेल द्यायचं होतं. तोंडाला फडकी बांधून घागरी माझ्यावर चढल्या. पिराजी पुढे, चन्नम्मा नवं इरकली लुगडं नेसून मागे. हंबीररावांचा वाडा उताराच्या पायथ्याशी. अर्ध्या उतारावर डाव्या चाकाची धाव सुटली. सुटली म्हणजे कशी, चाकातून निसटली आणि एकटी पुढे पळाली. मी उघड्या लाकडावर दगडांतून चार पावलं गेले आणि डावं चाक फुटून विस्कटलं. मी कलंडले. तीन घागरी पडल्या. तेल उतारावरून हळूहळू निघालं, पण धाव तेलासाठी थांबली नाही. ती खणखणत खाली गेली, मांडवात शिरली, वाजंत्र्यांच्या मधून फिरली आणि हंबीररावांच्या पायांशी गोल गोल फिरून आडवी पडली. तेलाआधी धावच लग्नाला पोचली.

हंबीरराव ती हातात घेऊन वर आले. मागून अर्धं वऱ्हाड.

“कुनी बसवली ही?”

“बाबालालनं,” कुणीतरी म्हणालं.

“पंधरा दिसांत सुटली? लोखंडाचं कडं हाय का बायकांची पाटली?” हंबीरराव म्हणाले. “बरं झालं आधी कळलं. माझ्या दहा गाड्या त्याच्या हातात न्हाय द्याच्या. भरल्या गाडीची धाव अशी गेली तर मानूस मरंल.”

पिराजीनं चन्नम्माकडे बघितलं. मी पण बघितलं. ती पडलेल्या घागरींकडे बघत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, “पिराजी, घरनं तीन घागरी आन. लग्नाचं तेल कमी पडाय नको.”

मला आवारात आणून भिंतीला टेकवलं. डाव्या बाजूला चाकच नाही, उजव्याची धाव बोट शिरेल इतकी ढिली. तिथून मला सगळं दिसायचं, आणि पुढचे आठ दिवस मी तेच केलं.

तिसऱ्या दिवशी बाबालाल आला. पायांतल्या वहाणा दाराबाहेर काढल्या आणि माझ्यापाशी उकिडवा बसला. उजव्या चाकावर सुतळी फिरवली. पुन्हा फिरवली. मग सुतळी हातातच राहिली.

“आक्का, मी तीनदा मापलं हुतं.”

चन्नम्मा दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“माझंच चुकलं आसंल. कुठं चुकलं ते काय कळंना, बघा. काल विळ्याला पातं लावाय बसलो तर हात थांबला. वाटलं, हेपन सुटलं तर?” तो उठला. “तुमची गाडी मी परत करून देतो, काय नको त्याचं. मग हुबळीला जातो. तिथं माप घ्याचं काम न्हाय. घण मार म्हनलं की मारायचा.”

ती आत गेली आणि तांब्याभर ताक घेऊन आली. त्यानं घेतलं, उभ्यानं प्यायला आणि गेला. रिकामा तांब्या तिच्या हातातच होता. मग तिनं बैलाला विनाकारण शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी दारात बादशहा उभा. लेकानं काही सांगितलं नव्हतं, त्याला पेठेतून कळलं होतं. म्हातारा माझ्याजवळ आला, चाकावर तळवा ठेवला. त्याचे हात थरथरत होते, म्हणून माझं चाकही थरथरलं. त्यानं बोटाच्या पेरानं पुठ्ठा वाजवला, कान लावला, फटीत नख घातलं आणि नखाखाली आलेलं काहीतरी चिमटीत धरून उजेडात बघितलं. सुकलेलं हिरवं शेवाळ होतं. आमच्या हौदाच्या भिंतीवर असतं तसं.

“चन्नम्मा,” तो हळू म्हणाला, “माप घ्यायच्या आधी हे चाक पान्यात हुतं का?”

पिराजी गोठ्यात शेण भरत होता. त्याचा हात थांबला.

“पान्यात? माझ्या दारात वाळल्या चाकाला पानी कशाला लागतंय?” चन्नम्मा म्हणाली.

बादशहानं तिच्याकडे बघितलं, मग हौदाकडे. चिमटीतलं शेवाळ त्यानं फुंकर मारून उडवलं.

“बरं,” तो म्हणाला. “माजी नजर कमी झालीया आता. काय तरी दिसतं.” आणि काठी टेकत निघून गेला.

मित्रांनो, माझ्यावर इतके लोक ओरडले, पण एवढं कुणाचं झोंबलं नाही. त्याला कळलं होतं. त्याला कळलं आहे हे तिला कळलं होतं. आणि तो तिच्या दारात तिला खोटं न पाडता गेला. पोराचं नाव गेलं तरी चालेल, पण बाईमाणसाला तिच्या उंबऱ्यात तोंडावर पाडायचं नाही, असा तो माणूस. संध्याकाळी तिनं भाकरी केली आणि ती तशीच बैलाला घातली.

सकाळी तिनं पिराजीला हाक मारली. “उजवं चाक काढ. डोक्यावर घे. चल.”

“कुठं?”

“हंबीररावाच्या वाड्यावर.”

मी भिंतीशी उभी होते, पण माझं चाक गेलं म्हणजे मी गेलेच. पुढचं मी चाकानं ऐकलं म्हणा, पिराजीनं दहा वेळा सांगितलं म्हणून म्हणा.

वाड्याच्या अंगणात दहा बैलगाड्या एका रांगेत जुंपून तयार होत्या. त्या दुसऱ्या पेठेतल्या लोहाराकडे निघाल्या होत्या. चन्नम्मा सरळ पहिल्या गाडीच्या बैलांपुढे जाऊन उभी राहिली.

“हंबीरराव, बैल सोडा. त्या पोराचं माप बरोबर हुतं. चाक मीच पान्यातनं काढून दिलतं.”

हंबीरराव हसले.

“आक्का, तुमी मोठ्या मनाच्या. पोराला वाचवाय बोलताय, ते कळतंय मला.”

“मी कुनाला वाचवाय बोलत न्हाय. चार दिवस हौदात घातलतं मी.”

“तुमच्या हातनं असं हुतंय व्हय? आवो, आख्खी पेठ सांगंल, चन्नम्माक्काचं कधी चुकत न्हाय.”

बघा आता. आयुष्यभर जे तिनं लोकांना पटवलं, तेच तिच्या आडवं आलं. एकदा खरं बोलली तर कुणी ऐकेना. गाडीवान हसायला लागले. एकानं तर बैलांना चुचकारलंसुद्धा. दुसरी बाई असती तर म्हणाली असती, मी सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा, आणि मोकळी होऊन घरी गेली असती. पण चन्नम्मा चिडली. कुणी तिचं खरं मानत नाही म्हणजे काय?

तिनं पिराजीच्या डोक्यावरचं चाक खाली उतरवलं. “ही धाव बघा. हलवा.”

हंबीररावांनी हात लावला. धाव खुळखुळली.

“आता हे चाक तुमच्या हौदात घाला. माझ्या न्हाय, तुमच्या. चार दिवस ऱ्हाऊ द्या. पाचव्या दिवशी ही धाव हाललीच तर माझा घाना बंद. न्हाय हालली, तर माप पोराचं खरं आन चूक माझी. आन तवर एक गाडी हालायची न्हाय.”

घाण्याची पैज लावली म्हटल्यावर हंबीरराव हसायचे थांबले. चाक हौदात गेलं.

ते चार दिवस पेठेनं अजून सोडलेले नाहीत. हंबीररावांचा हौद रस्त्याला लागून. येणारा जाणारा थांबायचा, वाकून बघायचा आणि विचारायचा, हे कुणाचं चाक? गडी सांगायचा, चन्नम्माक्काचं, आक्कानं चाक भिजवून माप दिलं त्याचं परमान चाललंय. बायका पाण्याला जाताना वाट वाकडी करून यायच्या. धोंडुबाई तर रोज. चन्नम्मा रोज सकाळी त्याच रस्त्यानं तेल द्यायला जायची, डोक्यावर घागर घेऊन, कारण गाडी नव्हती. तिला दुसरी वाट होती. ती त्याच वाटेनं गेली.

“काय आक्का, फुगलं का?” कुणी तरी ओरडायचं.

“तुझ्या टकुऱ्यापेक्षा कमीच,” ती न थांबता म्हणायची.

पाचव्या दिवशी अंगण भरलं. बाबालालला बापानं हाताला धरून आणलं होतं. तो मागे उभा होता, खाली मान घालून. चाक पाण्यातून काढलं, फरशीवर ठेवलं. हंबीररावांनी धावेला हात घातला. हलेना. दोन्ही हात घातले. मग त्यांच्या तालमीतला एक पैलवान पुढे आला, ज्याच्या मनगटात माझी आख मावली असती. त्यानं पाय चाकावर रोवला, धावेत बोटं घालायला जागा शोधली. जागाच नव्हती. पुठ्ठ्यांमध्ये नखसुद्धा जाईना. त्यानं हातोडी मागितली, मारली. खणखणीत आवाज आला. लोहाराच्या दारात त्या पहिल्या दिवशी आला होता, अगदी तोच.

बाबालालनं मान वर केली.

चन्नम्मा त्याच्याकडे गेली. अंगणभर ऐकू जाईल असं बोलायची तिची सवय, पण तेव्हा ती तशी बोलली नाही. तरी सगळ्यांनी ऐकलं.

“तुझं माप बरोबर हुतं, लेका. चाक माझं वलं हुतं. तुझ्या बाच्या तोंडावर मी खोटं बोल्ले. त्यो काय बोल्ला न्हाय, म्हनून मी बोलतीया.”

बादशहा म्हणाला, “जाऊ दे, चन्नम्मा.”

“जाऊ कसं दिऊ? आता ही चाकं परत वाळवायची. कवा वाळली ते तुमी सांगायचं, मी न्हाय. तवर मी घागरी डोक्यावर न्हेतीया.”

हंबीररावांनी एकदा हौदाकडे बघितलं. मग त्यांनी पहिल्या गाडीवानाला बोलावलं. “बैल फिरव. बाबालालच्या भट्टीवर.” आणि बाबालालला म्हणाले, “आन हे बघ, चाकं वाजवून घे. कोन बी काय बी सांगू दे, आधी वाजवून घे.”

बाबालाल हुबळीला गेला नाही. माझी चाकं आणखी दोन महिने सावलीत वाळली, डाव्याला जोतीरामानं नवे पुठ्ठे घातले. यावेळी सांधे उघडले तेव्हा चन्नम्मानं ती तशीच, फटी दिसतील अशी, पेठेतून नेली. लोक बघत होते. बघू देत. बाबालालनं धावा तोडून आखूड केल्या, लाल केल्या आणि चढवल्या. या खेपेला नुसता धूर निघाला, वाफ नाही.

तेव्हापासून आजपर्यंत तीच जोडी माझ्या अंगावर आहे. दरम्यान काय काय झालं. मोठ्या लोकांच्या बग्ग्यांना रबराच्या धावा आल्या, आवाज न करता चालायला लागल्या. घाण्यावर दुसरी, लांबडी गाडी आली. चन्नम्मा गेली, पिराजीही गेला. बाबालालच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. भट्टीवर अजूनही कुणी नवं चाक घेऊन आलं की तो आधी पेरानं वाजवतो, मग मोजतो. मला कोपऱ्यात लावलं. पावसात फळ्या भिजतात, उन्हात तडकतात. कुणी वंगण घालत नाही. तक्रार नाही करत, फक्त सांगते.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं म्हातारं गाडं असेल, मोट असेल, नांगर असेल, तर त्याला सावलीत ठेवा आणि वर्षातून दोनदा तेलाचा हात द्या. त्याचं काही ढिलं झालं, फुटलं, तडकलं, तर दुरुस्त करणाऱ्याला ते तसंच नेऊन दाखवा. झाकून, पुसून, चकचकीत करून नेऊ नका. त्यात तुमची अब्रू राहते असं तुम्हाला वाटेल, पण जाते ती दुसऱ्या कुणाची तरी, आणि ज्याची जाते त्याला आपलं काय चुकलं हेसुद्धा कळत नाही. तो आपल्याच हातांकडे संशयानं बघत बसतो.

आता उठा. उशीर झाला. आणि जाताना जरा त्या कोंबडीला हुसका. सकाळपासून माझ्या आखेवर बसली आहे.